तेर येथील वस्तुसंग्रहालय

महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर या गावी असलेले, प्रामुख्याने सातवाहनकालीन अवशेषांचे शासकीय वस्तुसंग्रहालय. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःच्या हौसेने व चिकाटीने जमविलेल्या पुराणवस्तूंवर ते आधारलेले असून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे. तेर म्हणजे ग्रीक व रोमन लेखकांना ठाऊक असलेले ‘तगर’ हे व्यापारी नगर होय. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून तांबड्या समुद्रामार्गे भूमध्य प्रदेशाशी चालणाऱ्या प्राचीन व्यापारात तगरचा मोठा वाटा होता. त्या व्यापाराच्या भूभागावरील टोकाचा पुरावा एकत्र पाहावयास मिळतो, हे या संग्रहालयाचे महत्त्व आहे.

सागरी वस्तुसंग्रहालयांतील स्थान : समुद्राशी निगडित वस्तुसंग्रहालये सामान्यतः बंदरात किंवा जुन्या गोदीत असतात. इंग्लंडमधील पोर्टस्मथच्या ऐतिहासिक गोदीत ‘व्हिक्टरी’ ही युद्धनौका व १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढलेले ‘मेरी रोझ’ या जहाजाचे अवशेष जतन केलेले आहेत. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे १६२८ मध्ये बुडालेले व १९६१ मध्ये वर काढलेले ‘वासा’ हे जहाज हेच एका संपूर्ण संग्रहालयाचे केंद्र आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ मध्ये जलावतरण झालेली फ्रिगेट आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय-नौका म्हणून तरंगत आहे. याउलट, भारतीय नौदलाची ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका सेवानिवृत्तीनंतर २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून खुली होती. परंतु २०१२ मध्ये ते बंद करण्यात आले व २०१४ मध्ये नौका मोडीत निघाली.

अशा सर्व संग्रहालयांत जहाज, त्याची बांधणी व त्याचा प्रवास यांवर भर असतो. जहाजात भरलेला माल कोठून आला, तो कोणी निर्माण केला आणि जहाज परतल्यावर त्याने आणलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, हे प्रश्न तेथे बहुधा अनुत्तरित राहतात. तेरच्या संग्रहालयात जहाजाची एक फळीही नाही. गाव समुद्रापासून सरळ रेषेतही तीनशे किमी.पेक्षा अधिक दूर आहे. तथापि वरील प्रश्नांची उत्तरे ज्या पुराव्यावरून शोधावी लागतात, तो येथे आहे. गोदीतील संग्रहालय व तेरसारखे अंतर्भागातील संग्रहालय ही या दृष्टीने परस्परांना पूरक ठरतात.

स्थान व तगरची निश्चिती : तेर हे धाराशिव शहराच्या ईशान्येस तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. तेरणा ही मांजरा नदीची उपनदी असून तिचे पाणी पुढे गोदावरीस मिळते. नदीच्या दोन्ही तीरांवर प्राचीन वस्तीची पांढरी टेकाडे पसरलेली असून आजचे गावही काही अंशी अशाच टेकाडांवर उभे आहे.

तगर म्हणजे नेमके कोणते स्थळ, याविषयी एकोणिसाव्या शतकात विद्वानांमध्ये दीर्घकाळ वाद होता. दौलताबाद (देवगिरी), जुन्नर, धारूर, कोल्हापूर अशी निरनिराळी स्थळे सुचविण्यात आली. जुन्नरचा पक्ष भगवानलाल इंद्रजी यांनी, तर धारूरचा रा. गो. भांडारकर यांनी मांडला होता. जॉन फेथफुल फ्लीट यांचाही प्रारंभीचा कल कोल्हापूरकडे होता. पुढे १९०१ मध्ये त्यांनीच तगर म्हणजे तेर असा निर्णय सप्रमाण मांडला आणि तो आज सर्वमान्य आहे. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स यांनी तेर येथील प्राचीन वास्तूंचे वर्णन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२–०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध केले.

या निश्चितीमागे तीन प्रकारचा पुरावा आहे. पहिला भाषिक : ‘तगर’ या नावातील मधला ‘ग’ प्राकृतात लोप पावून ‘तयर’ व त्यावरून ‘तेर’ हे रूप सिद्ध होते. दुसरा भौगोलिक : पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत भडोचहून पैठण वीस दिवसांच्या व पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास भडोच–पैठण हे अंतर सु. ३५० किमी. व पैठण–तेर हे अंतर सु. १५० किमी. भरते. म्हणजे दिवसाची चाल अनुक्रमे सु. १७ व १५ किमी. पडते. मालाने लादलेल्या बैलगाड्यांना ती शोभणारी आहे. ग्रंथात तगरची दिशा पूर्व सांगितली आहे, प्रत्यक्षात ती आग्नेय आहे. परंतु ऐकीव माहितीवर आधारलेल्या वर्णनात एवढा फरक संभवतो. तिसरा पुरावा स्वतः टेकाडांचा : सुचविलेल्या अन्य स्थळांच्या तुलनेत तेरइतके विस्तृत व समृद्ध सातवाहनकालीन अवशेष या अंतरावर अन्यत्र आढळलेले नाहीत. वस्तुसंग्रहालयातील वस्तू म्हणजे या तिसऱ्या पुराव्याचाच मुख्य भाग होय.

ग्रीक ग्रंथांतील तगर : वर उल्लेखिलेली मार्गदर्शिका म्हणजे पेरिप्लस मारिस एरिथ्रेई (एरिथ्रियन समुद्राची सफर) हा ग्रंथ. त्याच्या लेखकाचे नाव उपलब्ध नाही. परंतु तो ईजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक भाषिक व या सागरी मार्गाचा अनुभव असलेला व्यापारी असावा, असे ग्रंथावरून दिसते. ग्रंथाचा काळ इ. स. च्या पहिल्या शतकाचा मध्य असा साधारणपणे मानला जातो. दक्षिणापथातील बाजारपेठांत पैठण व तगर या दोन विशेष महत्त्वाच्या असून तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो म्हणतो. पैठणहून अकीकादी खडे मोठ्या प्रमाणात, तर तगरहून जाडेभरडे कापड, नाना प्रकारची मलमल व ‘मोलोखिना’ नावाचे कापड गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला (बारिगाझा) आणले जाई. यांशिवाय समुद्रकिनारी प्रदेशांतून तगरला येणारा मालही तेथून पुढे जाई, असा उल्लेख आहे. हा किनारा पूर्वेकडील असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास तगर हे केवळ कापडाचे उत्पादनकेंद्र नसून पूर्व व पश्चिम किनारे जोडणाऱ्या मार्गावरील मालाच्या अदलाबदलीचे ठिकाणही होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही तगरचा उल्लेख केला आहे.

तगरच्या मालाने भडोचचा मार्ग का धरावा, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. तेरपासून कल्याण व चौल ही कोकणातील बंदरे सरळ रेषेत सु. ३३०–३४० किमी. अंतरावर आहेत, तर पैठणमार्गे भडोच सु. ५०० किमी. आहे. सह्याद्रीतील नाणेघाटासारखे घाट त्या काळी वाहते होते आणि नाणेघाटातील लेख सातवाहन राजघराण्याचेच आहेत. या कोड्याचे उत्तर पेरिप्लसच्याच पुढील भागात सापडते. थोरल्या सरगनस राजाच्या काळी कल्याण हे रीतसर मान्यताप्राप्त बंदर होते. परंतु सन्दरेस याच्या ताब्यात ते गेल्यापासून तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असे लेखक सांगतो. भडोच या वेळी क्षत्रपांच्या सत्तेखाली होते. ग्रंथातील ‘मम्बनस’ (नम्बनस) हा राजा म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान होय, असे मानले जाते. सातवाहन व क्षत्रप यांच्यातील संघर्ष केवळ भूमीसाठी नव्हता. तो बंदरांच्या उत्पन्नासाठीही होता, हे यावरून स्पष्ट होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नासिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यात नहपानाच्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली छाप पुन्हा उठविलेली आढळते.

मार्ग व ऋतुचक्र : ईजिप्तमधून भारताकडे येणारी जहाजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा लाभ घेण्यासाठी साधारणपणे जुलैच्या सुमारास तांबड्या समुद्रातून निघत व सप्टेंबरच्या आसपास भारतीय किनाऱ्यास लागत. परतीसाठी त्यांना ईशान्येकडील वाऱ्यांची वाट पाहावी लागे. नोव्हेंबर ते जानेवारी हा परतीचा योग्य काळ होता. मराठवाड्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात लादलेल्या गाड्या चालणे दुरापास्त असते. पावसाळा संपून वाटा वाळल्यानंतर तगरहून निघालेला गाड्यांचा तांडा महिन्याभराने, म्हणजे कार्तिक–मार्गशीर्षाच्या सुमारास भडोचला पोहोचू शकत असे. गाडीवाटांचे व जहाजांचे वेळापत्रक अशा रीतीने एकाच पावसाळ्याने बांधलेले होते. एखाद्या वर्षी तांड्यास फार उशीर झाल्यास माल पुढील वर्षापर्यंत पडून राहण्याची भीती असे.

भडोचच्या बंदरात शिरणे हेही अवघड काम होते. खंबायतच्या आखातातील भरती–ओहोटीचा जोर मोठा असून नर्मदेच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. त्यामुळे राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी ‘त्रप्पगा’ व ‘कोटिम्बा’ नावाच्या लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत समोर जात, परदेशी जहाजांना दोर बांधून ओढीत व ठराविक ठिकाणी भरतीची वाट पाहत त्यांना बंदरात आणीत, असे वर्णन पेरिप्लसमध्ये आहे. अंगविज्जा या प्राकृत ग्रंथातील नौकांच्या यादीत ‘तप्पक’ व ‘कोट्टिंब’ ही नावे येतात. परकीय लेखकाने ऐकलेली नावे खरी होती, याची ही साक्ष होय.

भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, कच्ची काच, सुरमा, सुगंधी द्रव्ये व सोन्या-चांदीची नाणी यांचा समावेश होता. तेथून हस्तिदंत, अकीक, सुती कापड, रेशीम, लांब मिरी (पिंपळी) इ. माल बाहेर जाई. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) शोषून घेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी (२३–७९) याने नोंदविली आहे. हा आकडा काटेकोर नसला, तरी व्यापाराचा तोल कोणाकडे झुकला होता हे त्यावरून कळते.

संग्रहाची उभारणी : तेरची टेकाडे शतकानुशतके गावकऱ्यांच्या उपयोगाची राहिली आहेत. जुन्या वस्तीच्या जागेवरील पांढरी माती घरांच्या भिंतींसाठी व धाब्यांसाठी खणली जाते आणि जुन्या पक्क्या विटा नव्या बांधकामात वापरल्या जातात. दरवर्षीच्या पावसाने टेकाडांचे उतार धुपून मणी, नाणी, मृण्मय मूर्ती व बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या काळात व त्यानंतरही अशा वस्तूंची व्यवस्थित दखल घेणारी यंत्रणा गावात नव्हती. रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जमवून सांभाळण्याचे कार्य खाजगी रीत्या केले. त्यांना पुरातत्त्वशास्त्राचे रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. तथापि मोडकी मूर्ती किंवा फुटका मणीही टाकाऊ नाही, ही जाण त्यांच्या संग्रहात सर्वत्र दिसते. केवळ सुंदर व अखंड वस्तूंची निवड न करता त्यांनी सामान्य वापरातील वस्तूही मोठ्या संख्येने ठेवल्या. प्राचीन नगराच्या दैनंदिन जीवनाच्या अभ्यासास त्या अधिक उपयोगी पडतात. ब्रिटिश म्यूझियममधील कलेतिहासज्ञ डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली व त्यामुळे या संग्रहाकडे देशोदेशींच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे हा संग्रह शासनाच्या ताब्यात येऊन त्यास शासकीय वस्तुसंग्रहालयाचे रूप प्राप्त झाले.

संग्रहातील प्रमुख वस्तू : (१) हस्तिदंती मूर्ती : संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे अलंकृत स्त्रीची छोटी हस्तिदंती मूर्ती होय. केशरचना, कर्णभूषणे, मेखला व पायांतील वाळे यांचे बारकावे तीत कोरलेले आहेत. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या व नेपल्सच्या संग्रहालयात असलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आहे. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्यापूर्वीची आहे, हे निश्चित होते आणि तेरच्या मूर्तीच्या कालनिर्णयासही आधार मिळतो. पाँपेईची मूर्ती प्रथम मथुरा शैलीची मानली गेली. तेर येथील मूर्ती व जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात मिळालेला तशाच मूर्तीचा भाग यांमुळे ती दख्खनमध्ये घडविली गेली असावी, असे मत पुढे आले. तिच्यावर कोरलेल्या खरोष्ठी अक्षरामुळे वायव्य भारताचाही विचार करावा लागतो व हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. काही असले, तरी तेरच्या एका घरातील मूर्ती व पाँपेईच्या एका घरातील मूर्ती या एकाच कलापरंपरेतील आहेत, ही गोष्ट सागरी व्यापाराचा आवाका दाखविण्यास पुरेशी आहे.

(२) मृण्मय मूर्ती : पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती हे तेरचे वैशिष्ट्य होय. पुढील व मागील अर्ध्या भागांसाठी स्वतंत्र साचे वापरून ते ओल्या मातीतच जोडले जात. अशा मूर्ती वजनास हलक्या असतात व भाजताना सहसा तडकत नाहीत. स्त्री-पुरुषांची मस्तके, त्यांची शिरोभूषणे व केशरचना यांत विलक्षण विविधता आहे. दुहेरी साच्याचे तंत्र रोमन जगतातून आले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मूर्तींचे विषय, चेहरेपट्टी व अलंकार मात्र पूर्णतः येथील आहेत.

(३) मुद्रांकित मृण्मय पदके : रोमन नाण्यांची, विशेषतः सम्राट टायबीरिअस (कार. १४–३७) याच्या नाण्यांची नक्कल असलेली मातीची पदके तेर, भोकरदन, तेलंगणातील कोंडापूर इ. स्थळी मिळाली आहेत. त्यांना बहुधा ओवण्यासाठी छिद्र किंवा कडी असते. यावरून ती चलन म्हणून नव्हे, तर गळ्यातील अलंकार म्हणून वापरली जात, असे दिसते. मराठी स्त्रियांच्या पुतळ्यांच्या माळेत नाण्यासारख्या सुवर्णपदकांना जे स्थान आहे, त्याच्याशी या प्रथेची तुलना करता येईल. ज्यांना खरे नाणे परवडत नव्हते, तेही मातीच्या नकलेने आपली हौस भागवीत, म्हणजे दूरदेशीच्या वस्तूंची आवड धनिकांपुरती मर्यादित नव्हती.

(४) मणी व शंखाच्या वस्तू : अकीक, कार्नेलियन, गारगोटी, काच इत्यादींचे मणी मोठ्या संख्येने आहेत. शंखापासून केलेल्या बांगड्यांचे तुकडेही आढळतात. बांगड्यांसाठी वापरला जाणारा शंख खाऱ्या पाण्यातील असल्याने तो समुद्रकिनाऱ्यावरूनच येणे भाग होते. तेर येथे समुद्राशी असलेला हा सर्वांत साधा व प्रत्यक्ष दुवा म्हणता येईल.

(५) नाणी व भांडी : सातवाहन राजांची शिशाची व मिश्रधातूंची नाणी संग्रहात आहेत. शिसे व तांबे हे दोन्ही धातू भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाच्या यादीत असल्याने या नाण्यांतील धातूंच्या मूळ स्थानाचा प्रश्न व्यापाराच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो. मृत्पात्रांत तांबड्या झिलईची, तसेच काळी-तांबडी भांडी आहेत. यांखेरीज रोमन धर्तीचे दिवे, जाती व पाटे, सौंदर्यप्रसाधनांच्या लहान कुप्या, खेळणी इ. वस्तू आढळतात.

(६) लाकडी द्वारशाखा व विटा : तेर येथील उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा संग्रहालयात जतन केलेली आहे. प्राचीन भारतात लाकडी बांधकाम विपुल होते. परंतु पाऊस, वाळवी व आग यांमुळे त्याचे नमुने अत्यंत विरळ उरले आहेत. या दृष्टीने ती मोलाची आहे. तेरच्या काही प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा किंवा तूस मिसळून वीट भाजल्यास सेंद्रिय द्रव्य जळून आत सूक्ष्म पोकळ्या राहतात व वीट हलकी होते, असे त्याचे कारण आहे.

उत्खनने व संग्रहाच्या मर्यादा : तेर येथे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७४ मध्ये शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा उत्खनन झाले. त्यानंतरही शासनाच्या पुरातत्त्व विभागाने येथे काम केले आहे. या उत्खननांतून वस्तीचा मुख्य भरभराटीचा काळ सातवाहनांचा असल्याचे स्तरक्रमाने सिद्ध झाले, तसेच विटांच्या वास्तूंचे अवशेष उजेडात आले.

उत्खननाची गरज का होती, हे लामतुरे संग्रहाच्या स्वरूपावरून समजते. टेकाडाच्या पृष्ठभागावरून किंवा माती खणताना मिळालेली वस्तू कोणत्या थरातील, कोणत्या घरातील व कोणत्या अन्य वस्तूंसोबतची होती, हे सांगता येत नाही. मण्यांच्या ढिगाबरोबर अर्धवट घडविलेले मणी व दगडाच्या कपच्या एका खोलीत सापडल्या, तर तेथे कारखाना होता असे म्हणता येते. तेच मणी सुटे मिळाल्यास ते येथे घडविले की बाहेरून आणले, याचा निर्णय करता येत नाही. तगरची खरी ख्याती ज्या कापडामुळे होती, ते कापड मातीत टिकत नाही. त्यामुळे त्या उद्योगाचा मागोवा केवळ स्तरबद्ध उत्खननातूनच घेता येईल. दुसऱ्या बाजूने, लामतुरे यांनी वस्तू गोळा केल्या नसत्या, तर त्या भिंतींच्या मातीत मिसळून गेल्या असत्या किंवा विक्रेत्यांमार्फत विखुरल्या असत्या, हेही तितकेच खरे आहे. हा संग्रह संदर्भहीन असला, तरी त्याने उत्खननास दिशा दिली व उत्खननाने संग्रहातील वस्तूंना कालक्रमात बसविले. दोहोंचा एकत्रित विचार केल्याशिवाय तेरचा इतिहास लिहिता येत नाही.

अर्थनिर्णयातील बदल : विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील अनेक स्थळी भूमध्य प्रदेशातील वस्तू मिळू लागल्या. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथील उत्खनन व कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथे मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती ही त्यांची ठळक उदाहरणे होत. या शोधांमुळे भारतीय नगरांची भरभराट मुख्यतः रोमन व्यापाऱ्यांमुळे झाली, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल होता. अलीकडील संशोधनात हे मत मागे पडले आहे. तेरच्या संग्रहातील बहुतांश वस्तू स्थानिक घडणीच्या आहेत. परकीय तंत्र वा आकृतिबंध येथे आला, तेव्हा कारागिरांनी तो आपल्या रुचीप्रमाणे बदलून घेतला. नगर उभे राहिले ते सुपीक जमीन, कापूस, कुशल कारागीर व अंतर्गत बाजारपेठ यांच्या बळावर. सागरी व्यापाराने त्याच्या समृद्धीत भर घातली.

समुद्राच्या पलीकडील पुरावाही याच दिशेने बोलतो. ईजिप्तच्या तांबड्या समुद्रकाठी असलेल्या बेरेनिके या प्राचीन बंदरात १९९४ पासून झालेल्या उत्खननांत भारतीय सागवान, सु. ७·५ किग्रॅ. काळी मिरी भरलेला भारतीय रांजण व भारतीय पद्धतीने कातलेल्या सुताचे कापड मिळाले. या कापडात जहाजांच्या शिडांचेही तुकडे आहेत. यांपैकी कोणताही तुकडा तगरचा होता, असे सिद्ध करता येत नाही. परंतु तगरच्या जाड्याभरड्या कापडाला परदेशी बाजारात एवढी मागणी का असावी, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारात घेता येतो. भारतीय कापड जहाजांतून केवळ माल म्हणून जात नव्हते, तर काही जहाजे त्याच कापडाच्या शिडांवर चालत होती.

उत्तरकालीन तेर : रोमन व्यापार ओसरल्यावर तगरचे आंतरराष्ट्रीय महत्त्व कमी झाले, पण नगर नष्ट झाले नाही. बादामीच्या चालुक्य घराण्यातील दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६१२ च्या हैदराबाद ताम्रपटात दान मिळालेला ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचा उल्लेख आहे. कोकण व कोल्हापूर येथे राज्य करणारे शिलाहार राजे आपणास ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत. समुद्रकिनाऱ्यावर सत्ता गाजविणाऱ्या घराण्याने अंतर्भागातील या नगरास आपले मूलस्थान मानावे, यातून तगरच्या कीर्तीची कल्पना येते.

गावातील त्रिविक्रम मंदिराचा मागील भाग गजपृष्ठाकार असून ते विटांचे आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराशी त्याचे साम्य आहे. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती, असे कझिन्स यांचे मत होते. तथापि ती प्रथमपासूनच हिंदू मंदिर असावी, असेही मत मांडले गेले आहे. विटांनी बांधलेल्या गजपृष्ठाकार मंदिरांचे उभे नमुने भारतात मोजकेच असल्याने तिचे महत्त्व मोठे आहे. यादवकालीन संतमंडळीतील ज्येष्ठ संत गोरोबा कुंभार (१२६७–१३१७) हे तेरचे. तेरणेच्या काठी त्यांची समाधी असून चैत्र वद्यात तेथे मोठी यात्रा भरते. प्राचीन काळी मातीच्या मूर्तींसाठी गाजलेल्या गावाची पुढील ओळख एका कुंभार संतामुळे झाली.

जतनाचा प्रश्न : हस्तिदंत, लाकूड, शिसे व कच्च्या भाजणीची माती हे संग्रहातील चार महत्त्वाचे पदार्थ हवामानास अत्यंत संवेदनशील आहेत. हवेतील आर्द्रतेच्या चढउतारामुळे हस्तिदंत व लाकूड यांस भेगा पडतात. लाकडातील व पुठ्ठ्यातील आम्लयुक्त वाफांमुळे शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी धरून ती झिजतात. मराठवाड्यातील कडक उन्हाळा व त्यामागून येणारा पावसाळा यांमुळे ही काळजी अधिकच घ्यावी लागते. जतनाचा दुसरा भाग संग्रहालयाच्या भिंतींबाहेरचा आहे. टेकाडांचा जो भाग अद्याप खणला गेलेला नाही, तोच तगरच्या वस्त्रोद्योगाविषयी, घरांच्या रचनेविषयी व नगराच्या विस्ताराविषयी पुढे माहिती देऊ शकेल. तेथील माती उचलली गेल्यास वस्तू कदाचित संग्रहालयात पोहोचतील. परंतु त्यांचा परस्परसंबंध कायमचा नाहीसा होईल.

जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव करण्यात आले. धाराशिव शहराजवळील लेणी, नळदुर्ग व परांडा येथील किल्ले आणि तुळजापूरचे भवानी मंदिर ही जिल्ह्यातील अन्य प्रेक्षणीय स्थळे आहेत. प्राचीन सागरी व्यापाराच्या अभ्यासकास मात्र सोपारा, कल्याण व चौल या बंदरांइतकेच, किंबहुना प्रत्यक्ष वस्तूंच्या दृष्टीने त्यांहूनही अधिक, साहित्य तेर येथे उपलब्ध होते.